एका हाकेला ओ नाही

कल्पना करा, की तुम्हाला डोंगरावर पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक करायचा आहे. घरात नाही, पदरावर. पदर म्हणजे डोंगराच्या कमरेला असते ती सपाटी. खाली रान, वर सरळ उभा कातळ. चूल म्हणजे तीन दगड. फाटी सगळा पावसाळा भिजून निघालेली, त्यामुळे पेटायच्या आधी नुसता धूर. पीठ तांदळाचं, त्याची उकड मनासारखी निघाली नाही तर भाकरी हातावरच चिरते. बसायला पाट नाही, दगड आहे, आणि तोही उताराचा. पाणी झऱ्यावरून डोक्यावर आणायचं. आणि हे सगळं चाललेलं असताना दर थोड्या वेळानं कुणीतरी भुकेला माणूस येऊन विचारणार, "झालं का?"

आता त्यातच अशीही कल्पना करा, की तुम्ही झऱ्यावर वाकलेल्या आहात, आजूबाजूला कुणी नाही, आणि रानातून हाक येते. एकच.

आमच्या शेजारच्या भागूबाईवर ही वेळ आली होती. ती आता पन्नाशीला टेकली आहे आणि त्या एका संध्याकाळखेरीज तिच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही, असं ती स्वतः म्हणते. ते खरं नाही. पण सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण बाकी सगळं ती त्या संध्याकाळच्या आधीचं आणि नंतरचं असंच मोजते.

आमचं गाव खांडसच्या अलीकडे, भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याशी. भागूबाई इथली नव्हे. तिचं माहेर खालापूरकडचं, सपाटीवरचं. लग्न होऊन आली तेव्हा डोंगर इतका जवळ बघून तिला छातीवर दडपण आल्यासारखं व्हायचं. पहिल्या दिवाळीला माहेरी गेली तेव्हा आईला म्हणाली होती, "तिकडं ऊन उशिरा येतं गं, डोंगर आडवा येतो." पण पाचसहा वर्षांत ती डोंगराला अशी सरावली की गवताचा भारा घेऊन उतरताना गावातल्या जन्मापासूनच्या बायका तिच्या मागे राहायच्या.

रानात कसं वागायचं ते तिला सासूनं शिकवलं. कुठल्या झाडाखाली बसायचं नाही, कुठल्या ओहळाचं पाणी प्यायचं नाही. आणि एक नियम सगळ्यात आधी: रानात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो पुन्हा मारतो, तिसऱ्यांदाही मारतो. जे माणूस नाही ते एकदाच मारतं. त्याला ओ दिली की ते आपल्या मागं लागतं. आणि अशी एकटी हाक ऐकू आलीच, तर आपल्या घरचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. हे काही फक्त तिच्या सासूचं खूळ नव्हतं. आमच्याकडे लहान पोरांनासुद्धा हे ठाऊक असतं. गुरं राखणारी पोरं एकमेकांना लागोपाठ तीन हाका मारतात, तिन्ही एका दमात. बाहेरच्या माणसाला वाटतं, ही पोरं इतकी उतावीळ का.

डोंगरात हिंडायला येणाऱ्या मंडळींचे कॅम्प आमच्याकडे सुरू झाले ते साठ-पासष्टच्या पुढेमागे. मुंबईची माणसं यायची, मग खोपोलीकडची यायला लागली. साजगावच्या कारखान्यांतल्या कामगारांनी हौसेनं एक मंडळ काढलं होतं. दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत, पाऊस सरलेला, गवत कमरेएवढं, सोनकीनं सगळा उतार पिवळा झालेला, अशा वेळी ते पदरावर तंबू ठोकायचे. भागूबाईचा नवरा भिवाजी त्यांना वाट दाखवायचा आणि सामान वाहायचा. एके वर्षी त्यांनी आणलेला आचारी पहिल्याच चढाला धापा टाकत बसला आणि परत गेला. भिवाजी म्हणाला, "आमची बाय थापंल भाकऱ्या." तेव्हापासून ते तिचं काम झालं.

हे काम तिला मनापासून आवडायचं. हळवं भात कापून झालेलं असायचं, गरवं अजून शेतात उभं असायचं, त्यामुळे दोनचार दिवस घर सोडता यायचं. "घरची चूल सासूची," ती मला म्हणाली, "पदरावरची माझी. तिथं मीठ किती टाकू ते कुणाला इचारायला लागत नव्हतं."

त्या मिठावरूनच त्र्याहत्तर सालच्या कॅम्पात सुरुवात झाली.

कान्हा कर्जतजवळच्या भिसेगावचा. आगरी घरातला, वडिलांची भातशेती, हा साजगावला एका कारखान्यात फिटर. उंच, काटक, आणि जीभ एक क्षण स्वस्थ नाही. मंडळाचे प्रमुख पोपटराव त्याच कारखान्यात स्टोअरकीपर. ते गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचे आणि उठल्यासुटल्या वाजवायचे. कान्हा त्यांच्या मागून तोंडानं तशीच शिट्टी वाजवायचा आणि माणसं उगाच रांगेत उभी राहायची.

सकाळच्या जेवणाला त्यानं आमटीची वाटी तोंडाला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वयनी, आमच्या उल्हास नदीचं पानी बी यापरीस खारट असतं."

"मग नदीच पी जा," भागूबाई म्हणाली.

"रागावू नका हो. भाकरी झकास हाय. भाकरीला आमटी शोभत नाय, एवढंच."

"उद्या नुसती भाकरीच देते तुला. दगडासंगं खा."

"आमी आगरी, वयनी. आमाला कालवण लागतं. इथं मुठे गावतील का?" मुठे म्हणजे डोंगरातल्या ओहळात दगडाखाली राहणारे खेकडे.

"गावतील. हुडक जा," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. माणसं हसली. तीही हसली, पण तिला ते लागलं होतं. तिच्या हातच्या आमटीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि खरी गोष्ट अशी की त्या सकाळी ती मीठ घालायलाच विसरली होती.

थोड्या वेळानं ती आणि ठमी, आमच्याच बाजूच्या वाडीतली ठाकरबाई, फाटी वेचायला झाडीत गेल्या. तिथं कारवीच्या मागून घोगऱ्या आवाजात हाक आली. "भागूऽऽ!" ठमीनं फाटी टाकली आणि भागूबाईचा दंड धरला. दोघी पुतळ्यासारख्या उभ्या. मग कारवीतून कान्हा हसत बाहेर आला.

भागूबाईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "आगरी हायेस ना रं तू? तुला कळत नाय? रानात अशी हाक मारत्यात का? एका हाकेला आमी ओ देत नाय."

"मग किती मारू?"

"तीन मार. तुमच्यात बी हायच की हे."

"हाय. पन मला वाटलं, तुमी शहरातल्या मान्सांत राहून सुधरलात."

"सुधारते तुला," ठमी म्हणाली आणि एक फाटं उचललं. तो पळाला. त्यानंतर दुपारभर तो चुलीपाशी आला की लांबूनच तीनदा ओरडायचा, "वयनी, वयनी, वयनी! चहा!" आणि सगळा कॅम्प त्याच्यामागे तसंच ओरडायचा. भागूबाईनं चहा दिला, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

ऊन कलल्यावर ती एकटी झऱ्यावर गेली. ठमी फाटी घेऊन पुढं गेली होती. झरा पदराच्या एका कडेला, आणि त्याच्या पलीकडे एक अरुंद घळ. पावसाच्या पाण्यानं डोंगरात खणून काढलेली, दगडगोट्यांनी भरलेली. घळीत माणसं सहसा उतरत नसत. भागूबाईनं कळशी भरली, बाजूला ठेवली आणि हंडा झऱ्याखाली धरला.

तेव्हा हाक आली. "वयनीऽऽ!"

ती मान वर करून उभी राहिली. घळीच्या बाजूनं आल्यासारखं वाटलं, पण नक्की सांगता येत नव्हतं. ती थांबली. दुसरी हाक आली नाही.

इथून पुढचं ती सांगते तेव्हा दर वेळी थोडं वेगळं सांगते. कधी म्हणते, "मी भ्याले." कधी म्हणते, "मला वाटलं, परत चेष्टा करतोय मेला. मी ओ दिली की पुन्यांदा कारवीतून हसत येईल." एकदा मात्र ती म्हणाली, "मला त्याचा राग आला होता रं. सासूचा नेम होता म्हणून मी गप राहिले, का राग होता म्हणून सासूचा नेम आठवला, ते मला आजून कळत नाय."

तिनं हंडा भरला, डोक्यावर घेतला, कळशी कमरेवर घेतली आणि चालू लागली. मागे वळून पाहायचं नाही, हाही नियमच होता.

जेवणाची वेळ झाली तरी कान्हा आला नाही. आधी सगळ्यांना चेष्टाच वाटली. कुणीतरी म्हणालं, "पोटात कावळं ओरडलं की येईल." मग पोपटरावांनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि त्यांचा चेहरा उतरला. एका माणसानं सांगितलं, की दुपारी कान्हा खांद्यावर पंचा टाकून कड्याच्या टोकाकडे जाताना दिसला होता. टोकाकडे म्हणजे घळीच्या अगदी उलट दिशेला. झालं, सगळी माणसं तिकडे धावली.

निघण्याआधी पोपटराव चुलीपाशी येऊन थांबले. "भागूबाई, तुम्ही काही पाहिलं? काही ऐकलं?"

तिचे हात पिठात होते. तोंड उघडलं होतं. आणि ती म्हणाली, "नाय बा."

मी तिला विचारलं, का? मी काही तिला कोर्टात उभं करत नव्हतो. मला खरंच समजून घ्यायचं होतं. तिनं मोकळेपणी सांगितलं. एक तर उंबऱ्याचा नियम. ती घरी नव्हती, पदरावर होती. तिथं त्या हाकेबद्दल बोलणं म्हणजे ते सगळ्या कॅम्पाच्या मागं लावणं. दुसरं म्हणजे, अजूनही तिला वाटत होतं की तो येईल. कड्याच्या टोकाकडे गेलेला माणूस घळीतून हाक कशी मारेल, असंही तिच्या मनात आलं, आणि त्यानं तिला बरं वाटलं. म्हणजे ती हाक त्याची नव्हतीच. म्हणजे आपण केलं ते बरोबरच केलं.

"एकदा नाय म्हटलं," ती म्हणाली, "मग पुढं दर घटकेला हो म्हणायला जास्त जड जातं. माणसं येत होती, बॅटऱ्या मिचमिचवत, घसा बसलेली. मी त्यांना चहा देत होते. दर कपासंगं वाटायचं, आता सांगते. कप रिकामा व्हायचा, माणूस जायचा."



सकाळी पदरावर धुकं उतरलं होतं. माणसं थकून दगडांवर बसली होती. कुणीतरी खाली गावात जाऊन पोलीस पाटलाला सांगायला निघालं होतं. भागूबाई पोपटरावांकडे गेली आणि म्हणाली, "घळीकडं बगा. मुठे धरायला गेला असंल."

तो तिथंच सापडला. झऱ्यापासून फार लांब नाही, वळणाच्या पलीकडे, दोन धोंड्यांच्या फटीत एक पाय अडकलेला, हाड बाहेर आलेलं, आणि तो पाय रात्रभर थंड पाण्यात. पंच्यात बांधलेले चार मुठे जवळच्या दगडावर तसेच वळवळत होते.

बांबूला घोंगडी बांधून त्याला डोलीत घातलं. डोली चुलीजवळून गेली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. त्यानं भागूबाईकडे पाहिलं, आणि ओठ हलले. तिनं वाकून ऐकायला हवं होतं. ती चुलीकडे वळली आणि विझलेल्या राखेत फाटी सारत बसली. गावातून टेंपोनं कर्जतला, तिथून मुंबईला नेलं. जखम चिघळली होती. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

आणि मग घडलं ते असं, की भागूबाईचं नाव झालं.

पोपटरावांनी सगळ्यांना सांगितलं, की मुठ्यांचं ते सकाळचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ध्यानात राहिलं फक्त या बाईच्या. तिनं सांगितलं नसतं तर आम्ही कड्याखालीच शोधत बसलो असतो आणि पोरगा जिवानिशी गेला असता. दिवाळीनंतर मंडळानं खोपोलीला एका शाळेच्या हॉलमध्ये तिचा सत्कार केला. भिवाजीनं नवी टोपी घातली होती. साडी-चोळी आणि नारळ दिला, ओटी भरली. पोपटराव भाषणात म्हणाले, "डॉक्टर सांगत होते, संध्याकाळीच आणला असता तर पायसुद्धा वाचला असता. पण निदान जीव तरी वाचला, तो भागूबाईंमुळे." टाळ्या पडल्या. ती हात जोडून उभी होती. पायसुद्धा वाचला असता, एवढंच तिला ऐकू आलं.

ती साडी तिनं कपाटात ठेवून दिली असती तर बरं, पण तसं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या हळदीला नेसायला दुसरी धड साडी नव्हती. "नेसले," ती म्हणाली. "सगळ्या बायका म्हणाल्या, रंग खुलतो तुला. खरंच खुलत होता."

गावात तर कहरच झाला. हरवलेलं शोधून देणारी बाई म्हणून लोक तिच्याकडे येऊ लागले. कुणाची म्हैस, कुणाचा कोयता, एकदा तर कुणाची रुसून गेलेली सून. "भागू, जरा डोकं चालव ना गं." ती कळवळून म्हणायची, "मला काय कळतंय?" तर लोक म्हणायचे, बघा, कसा मोठेपणा नाही. आणि एक-दोन वेळा म्हैस सापडलीही, ती सांगेल त्याच बाजूला, कारण आमच्याकडच्या म्हशी जाऊन जाऊन जाणार कुठं, ओढ्यालाच.

कॅम्पाला ती पुन्हा गेली नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. तिच्या जागी ठमी जाऊ लागली. पण गवत कापायला, फाटीला रानात जावंच लागतं, आणि तिथं तिचं एक वागणं बदललं. कुणीही, कुठूनही, एक हाक मारली की ती पहिल्याच हाकेला जिवाच्या आकांतानं "ओऽऽ" द्यायची. बरोबरच्या बायका दचकायच्या. पलीकडच्या शेतातला माणूस आपल्या बैलाला हाक मारत असायचा आणि इकडून ही ओ द्यायची. बायका हसून लोळायच्या. सासू कपाळावर हात मारून घ्यायची. "आता म्हातारपनी भूत लावून घेनार हाय ही," म्हणायची. भागूबाई म्हणायची, "लागू दे."

अशी आठनऊ वर्षं गेली. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तिची मुलगी जनी बाळंतपणाला कर्जतच्या दवाखान्यात होती. नातू झाला. दोन दिवस तिथं बसल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी भागूबाईनं नव्या तांदळाचे पोहे आणि वालाची पुरचुंडी उचलली, जनीला म्हणाली, "घरला जाऊन उद्या येते," आणि भिसेगावची वाट विचारत निघाली.

कान्हाचं घर सापडायला वेळ लागला नाही. घराच्या ओटीवरच त्यानं स्टोव्ह, छत्र्या आणि बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान मांडलं होतं. एक पाय लाकडी, तो पुढे सरळ पसरलेला, आणि त्याच्यावर एक उघडलेला स्टोव्ह. तिला पाहताच तो आत वळून ओरडला, "सोने! कोन आलंय बघ! माझा जीव वाचवनारी बाय!"

त्याची बायको सोनुबाई पदराला हात पुसत आली आणि थेट भागूबाईच्या पाया पडली. भागूबाई मागे सरली. "नको गं, नको."

"असं कसं नको? तुमच्यामुळं माझं कुंकू हाय."

चहा आला. कान्हा थोडा सुटला होता, केस मागे हटले होते, जीभ होती तशीच होती. "कारखान्यात होतो तर फिटर होतो," तो म्हणाला. "आता मालक हाय. इथं शिट्टी वाजवायला पोपटराव बी नाय." मग तो त्या दिवसाची गोष्ट सांगू लागला. त्यानं ती खूपदा सांगितली असावी. कुठं हसायचं हे ठरलेलं होतं. "मुठे धरले चार, पाचवा लई मोठा होता, त्याच्यासाठी हात घातला आनि घसरलो. पाय अडकला तो अडकलाच. वर बगतो तर कड्यावर उन्हाची पट्टी. ती सरकत सरकत वर चालली. मी म्हटलं, थांब गं बाई जरा. थांबतेय कशाला? शेवटाला वरच्या सोनकीवर राहिली, मग तीबी गेली. म्हटलं, चला, लाईट गेली. आता कंदील कोन आनतंय?"

सोनुबाई हसली. भागूबाईनं कप खाली ठेवला.

"कान्हा," ती म्हणाली, "मी तुजी हाक ऐकली होती."

त्याचा हात स्टोव्हवर थांबला.

तिनं सगळं सांगितलं. झरा, हंडा, ती एक हाक, पोपटरावांना दिलेलं उत्तर, डोली. उंबऱ्याचा नियमही सांगितला आणि मिठाचा रागही. सांगताना ती जमिनीकडे बघत होती. सांगून झालं. सोनुबाई तिथंच उभी होती. मग कान्हानं स्टोव्हची पिन उचलली, बर्नरच्या भोकात घातली, आणि तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"ती माझी नव्हती, वयनी."

"वयनी म्हणूनच हाक होती."

"असंल. सगळ्या रानाला तुमी वयनीच. पन माझी नव्हती. मी पडलो तो डोकं आपटलं दगडावर, आनि गार. सकाळी मान्सं आली तवाच डोळं उघडलं. शुद्धच नाय तर हाक कोन मारनार?"

"पन मला..."

"आनि समजा मारली असती. तुमी सकाळीच मला झापलं होतं ना, तीन मार म्हणून? आमच्याकडं बी तसाच रिवाज हाय. मग मी एक मारून गप बसलो असतो का? तीन मारल्या असत्या. तुमाला एकच ऐकू आली. म्हंजे ती मान्साची नव्हती. तुमी ओ दिली नाय, तेच बरोबर केलं." तो आता वर बघून हसला. "उगाच एवढी वर्सं डोक्यावर घेऊन फिरलात. आधी यायचं ना."

भागूबाई रडली. सोनुबाईनं तिला पाणी दिलं. निघताना कान्हा ओटीच्या टोकापर्यंत लाकडी पाय टेकत आला आणि म्हणाला, "परत या. भाकऱ्या घेऊन या. आमटी नको."

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. ती सांगते, की इतकं हलकं तिला लग्नाच्या आधीसुद्धा वाटलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खळी चालू होती. ती बघत होती आणि बघतही नव्हती. इतक्यात कंडक्टरनं तिच्या खांद्याजवळच्या दांडीवर तिकिटं टोचायचा चिमटा आपटला.

"ओ मावशी! तिसऱ्यांदा विचारतोय, तिकीट कुठलं? ऐकू येतं का नाय?"

तिला एकच ऐकू आलं होतं.

तिनं खांडसचं तिकीट घेतलं. आणि गाडी कशेळ्याला पोचायच्या आत ते सगळं पुन्हा तिच्या डोक्यात उभं राहिलं. हाक आली तेव्हा हंडा झऱ्याखाली होता. ती थांबली, दुसऱ्या हाकेची वाट बघितली, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. पण हंडा तिनं बाजूला घेतला होता का? का तो तसाच भरत होता आणि पाण्याचा आवाज कानाशी घुमत होता? आणि मग दुसरी गोष्ट. पडल्यापडल्या ज्याची शुद्ध गेली, सकाळी माणसं आल्यावरच ज्याचे डोळे उघडले, त्यानं कड्यावरची उन्हाची पट्टी वर सरकताना कशी पाहिली? सोनकीवर शेवटी राहिलेलं ऊन कुणी पाहिलं?

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलाय, तिथं आवाजाबद्दल आम्हाला थोडं शिकवलं होतं. घळीच्या भिंतींवर आवाज आपटतो, एक हाक अर्धवट विरते, वाहतं पाणी जवळ असेल तर लांबचा आवाज त्यात बुडतो. माणूस मध्येच बेशुद्ध होऊन पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो, आणि नंतर त्याला काय आधी घडलं, काय मग, ते आठवतही नाही. म्हणजे कान्हाचं बोलणं खरंही असेल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"पुन्हा जाऊन त्यालाच का नाही विचारत?" मी म्हणालो.

"जाऊन काय करू? तो पुन्यांदा तेच सांगंल. त्याला माझ्यासाठी दोनदा खोटं बोलायला लावू?" तिनं भाकरीवरून पाण्याचा हात फिरवला आणि ती उलटली. "आवाज कसा जातो ते तू शिकलास ते बरं केलंस. मला तेवढं एकच पायजे. त्यानं हाका किती मारल्या?"